परतीच्या प्रवासानंतरचा ताप

मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी या तीन हंगामांत दुधनी स्टेशनाच्या फलाटावर पिशव्यांची गर्दी होते. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेले हे गाव. इथून कोणी मुंबईला मावशीकडे निघते, कोणी पुण्याला बांधकामावर असलेल्या आई-वडिलांकडे जाते आणि त्याच गाड्यांनी शहरात स्थिरावलेली कुटुंबे गावाकडे येतात. पिशव्यांत शेंगाचटणी असते, कडक भाकरी असते, मुलांचे स्वेटर असतात. वर, हाताला लगेच लागेल अशी तापाच्या औषधाची बाटली असते. मच्छरदाणी मात्र सहसा नसते. तापाची बाटली नेणे चूक नाही, पण हिवतापाच्या बाबतीत तीच बाटली अनेकदा निदानाला दोन-तीन दिवस उशीर करते. लहान मुलाच्या हिवतापात दोन-तीन दिवस फार मोठे असतात.

सोलापूर जिल्हा आज राज्यातल्या मोठ्या हिवतापग्रस्त जिल्ह्यांत गणला जात नाही. राज्यातील रुग्णांचा मोठा वाटा गेली काही वर्षे मुंबई आणि गडचिरोली या दोन टोकांकडून येतो. एक देशातले सर्वांत गजबजलेले शहर, दुसरा जंगलाने भरलेला जिल्हा. मधल्या दुधनीसारख्या गावांत डास भरपूर आहेत, पण त्यातून हिवताप होण्याचे प्रमाण कमी. ही समाधानाची गोष्ट आहे आणि धोक्याचीही. जो आजार गावात रोज दिसत नाही, तो पालकांच्या मनात येत नाही. हळूहळू डॉक्टरांच्याही मनात सर्वांत शेवटी येऊ लागतो. ताप आला की डेंग्यू, टायफॉइड, ‘व्हायरल’ ही नावे आधी निघतात. मराठी घरातला ‘थंडीताप’ किंवा शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या घरातला ‘चळीज्वर’ हे शब्द आता आजी-आजोबांच्याच तोंडी राहिले आहेत.

त्या आजी-आजोबांना वेगळा काळ आठवतो. १९५३ मध्ये देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीच्या फवारणीने साठच्या दशकात रुग्णसंख्या वर्षाला एक लाखाच्या आसपास आली आणि हिवताप संपलाच असे वाटू लागले. पण १९७६ मध्ये देशात पुन्हा ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. घरोघर येऊन तापाची चौकशी करणारा, बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा, क्लोरोक्विनच्या गोळ्या देणारा आणि भेटीची तारीख भिंतीवर लिहून जाणारा हिवताप कर्मचारी त्या पिढीने पाहिला आहे. म्हणूनच घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आम्हाला लहानपणी चार वेळा थंडीताप आला, काही झालं नाही.’

हे वाक्य बोलणाऱ्याच्या बाबतीत खरे आहे, नातवाच्या बाबतीत नाही. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती अर्धवट असते, ती वारंवार संसर्ग होत राहिला तरच टिकते आणि संसर्ग थांबल्यावर काही वर्षांत ओसरते. ती वारशाने पुढे जात नाही. दुधनीत जन्मलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या शरीराला हा परजीवी पूर्णपणे अनोळखी असतो. पुण्या-मुंबईत वाढलेल्या किंवा आखातात, युरोपात जन्मलेल्या मराठी मुलाचीही तीच गत. जगभर असे दिसते की अनोळखी ठिकाणी जाणारा पर्यटक काळजी घेतो, पण नातेवाइकांकडे जाणारे कुटुंब घेत नाही. ‘घर तर आपलंच आहे’ हा विश्वास असतो. घर आपले असले तरी डास तिथला असतो.

मुंबईचा डास समजून घेतला तर काळजी कुठे घ्यायची हेही कळते. शहरातला हिवताप पसरवणारा डास म्हणजे अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी. गटाराच्या घाण पाण्यात तो सहसा वाढत नाही. त्याला साचलेले स्वच्छ पाणी लागते. विहीर, इमारतीच्या गच्चीवरची उघडी टाकी, चाळीतले पिंप, बांधकामावरच्या स्लॅबवर भरून ठेवलेले पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी ही त्याची ठिकाणे. ही काही नवी माहिती नाही. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर सविस्तर अहवाल लिहिला तेव्हाही शहरातल्या विहिरी आणि टाक्यांकडेच बोट दाखवले होते. शंभर वर्षांत विहिरी कमी झाल्या आणि टाक्या वाढल्या, इतकाच फरक. म्हणून ‘बहिणीचं घर बाराव्या मजल्यावर आहे, तिथं डास कुठून येणार’ या समजुतीला आधार नाही. टाकी गच्चीवरच असते. शेजारी नवी इमारत उठत असेल तर प्रत्येक मजल्यावर पाणी असते.

अ‍ॅनॉफिलिस चावतो तो मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मुलाला दिवसभर जपून रात्री मोकळे सोडले तर अर्धेच काम झाले. गणपतीच्या दिवसांत मुंबईला गेलेल्या मुलांचा कार्यक्रम पाहा. संध्याकाळी सातला देखावे बघायला बाहेर पडायचे, अर्ध्या चड्डीत रांगेत तीन-चार तास उभे राहायचे, मध्यरात्रीनंतर परतायचे आणि दिवाणखान्यात गादी टाकून दहा जणांबरोबर उघड्या खिडकीखाली झोपायचे. पावसाळा अजून सरलेला नसतो आणि शहरात हिवतापाचा हंगाम ऐन भरात असतो. देखावे बघायला जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण पायघोळ सुती विजार, पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा आणि पायांत मोजे एवढे तर नक्की घालता येते. तीन वर्षांचे मूल कडेवर घेतले की त्याचे पोटरीपासूनचे पाय उघडे लोंबत राहतात आणि डास तिथेच बसतात.

रात्रीसाठी मच्छरदाणीला तोड नाही. साधी मच्छरदाणीही चालते, पण कीटकनाशक भिनवलेली टिकाऊ मच्छरदाणी कितीतरी अधिक चांगली. तिच्यावर बसलेला डास मरतो, त्यामुळे झोपेत मुलाचा हात जाळीला टेकला तरी बराच बचाव होतो. साध्या जाळीतून मात्र टेकलेल्या हाताला डास बाहेरून खुशाल चावतो. औषधी मच्छरदाणीचा परिणाम साधारण तीन वर्षे किंवा वीस धुण्यांपर्यंत टिकतो. ती रगडून धुवायची नाही आणि कडक उन्हात वाळवायची नाही. प्रवासात नेताना चार दोऱ्या आणि चार खिळे बरोबर ठेवले की पाहुण्यांच्या घरी ‘बांधायची कुठे’ हा प्रश्न सुटतो. कडा गादीखाली खोचायच्या, जमिनीवर लोंबत ठेवायच्या नाहीत. मूल आत जाण्याआधी आत डास अडकला आहे का ते बघायचे. तान्ह्या बाळासाठी छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी स्वस्त आहे आणि पिशवीत मावते. आपल्याकडे बाळ बहुधा साडीच्या झोळीत झोपते. झोळीचे कापड पातळ असते आणि डास त्यातूनही चावू शकतो, म्हणून जाळी झोळीच्या वरून आणि खालून अशी पूर्ण वेढलेली हवी. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या अंगाला डास पळवणारे कोणतेही मलम लावायचे नसते, त्यामुळे त्याच्यासाठी जाळी हाच मुख्य उपाय.

मोठ्या मुलांना मलम लावता येते. त्यात डीईईटी किंवा पिकारिडिन यांसारखे परिणाम सिद्ध झालेले द्रव्य आहे का, आणि किती टक्के आहे, ते वेष्टनावर वाचावे. मुलांसाठी डीईईटीचे प्रमाण तीस टक्क्यांपुढे नको. लेमन युकॅलिप्टस तेलाचे मलम तीन वर्षांखाली वापरत नाहीत. मलम मोठ्यांनी आपल्या हातावर घेऊन मुलाच्या उघड्या त्वचेवर लावावे. डोळे, तोंड, जखमा आणि मुलाचे तळहात टाळावेत, कारण तळहात थेट तोंडात जातात. घरात परतल्यावर साबणाने धुऊन टाकावे. द्रवाच्या बाटलीचे विजेवरचे यंत्र बंद खोलीत उपयोगी पडते, पण ती बाटली रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नये. कॉइलचा धूर बंद खोलीत दम्याच्या मुलाला त्रास देतो. राहता राहिले मनगटातले सुगंधी पट्टे, आवाजाने डास पळवण्याचा दावा करणारी मोबाइल ॲप आणि लसूण खाण्याचा सल्ला. या तिन्हींवर खर्च झालेला पैसा मच्छरदाणीवर खर्च करावा.

रेल्वेच्या डब्यात मच्छरदाणी बांधता येत नाही, हे उघड आहे. चालत्या गाडीत वाऱ्यामुळे डासांचा त्रास कमी असतो, धोका असतो तो फलाटावरच्या वाट पाहण्यात आणि गाडी बराच वेळ थांबून राहते तेव्हा. रात्रीची गाडी पकडायची असेल तर मलम आणि पूर्ण कपडे घरूनच घालून निघावे. दुधनीतल्या अनेक घरांचा आणखी एक नेहमीचा प्रवास म्हणजे पुढच्याच पट्ट्यातले गाणगापूर. तिथे भीमा-अमरजा संगमावर किंवा धर्मशाळेच्या ओसरीत मुलांसह मुक्काम होतो. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर तर उघड्यावरच रात्री काढाव्या लागतात. ग्रामीण भागातला हिवतापाचा डास, अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस, कालव्यांत, संथ ओढ्यांत आणि नदीपात्रातल्या डबक्यांत वाढतो. या ठिकाणी आज हिवतापाची साथ आहे असे नाही. पण हजारो माणसे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून एकत्र येतात तेव्हा कोणाच्या रक्तात परजीवी आहे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते, आणि डासाला तेवढे पुरते.

आता गोळ्यांचा प्रश्न. ‘प्रवासाआधी मलेरियाची गोळी द्यायची का?’ असे पालक विचारतात आणि काही जण विचारतही नाहीत, औषधाच्या दुकानातून क्लोरोक्विन आणून अर्धी-अर्धी देतात. मुंबई-पुण्याच्या आठवडाभराच्या मुक्कामासाठी मुलांना प्रतिबंधक गोळ्यांची गरज नसते. मच्छरदाणी, कपडे, मलम पुरे. दर आठवड्याला क्लोरोक्विनची गोळी घेण्याची जुनी पद्धत आता आपल्याकडे सुचवली जात नाही, कारण फाल्सिपेरम जातीचा परजीवी त्या औषधाला दाद देत नाही. शिवाय घरात क्लोरोक्विन पडून असणे हाच एक धोका आहे. थोड्याच गोळ्या गिळल्या तरी लहान मुलाच्या हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी आहे. बदलीवर जाणारे शिक्षक, वनकर्मचारी, पोलीस कधी कुटुंबासह भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागात जातात. तिथे फाल्सिपेरमचे प्रमाण जास्त आहे आणि हीच जात मेंदूपर्यंत पोचते, मूत्रपिंड बंद पाडते. अशा मुक्कामाआधी डॉक्टरांशी बोलून प्रतिबंधक औषध ठरवावे लागते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी डॉक्सिसायक्लिन आणि त्याहून लांबच्या मुक्कामासाठी मेफ्लोक्विन ही औषधे आहेत. पण डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, तर मेफ्लोक्विन फिट येणाऱ्या मुलांना चालत नाही. मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाची चिठ्ठी आपल्या मुलाला चालत नाही. दोन्ही औषधे परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असतात आणि नेमकी तीच चार आठवडे लोक विसरतात. आई औषध घेत असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधातून संरक्षण मिळते, असाही एक समज आहे. दुधातून जाणारी मात्रा त्यासाठी पुरेशी नसते.

नोकरीनिमित्त नायजेरिया, टांझानिया, मोझांबिक अशा देशांत जाणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा सल्ला दुपटीने लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यातले बहुतेक मृत्यू आफ्रिकेत झाले आणि तिथल्या मृतांपैकी दर चौघांत तिघे पाच वर्षांखालचे होते. त्या देशांच्या प्रवेशासाठी पिवळ्या तापाची लस घेतली की झाले, असे समजणारे कमी नाहीत. त्या लसीचा हिवतापाशी काहीही संबंध नाही. तिकडे जाणाऱ्या मुलांना अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा मेफ्लोक्विन डॉक्टर वजनानुसार ठरवतात. मेफ्लोक्विन निघण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करावे लागते, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी विचारायला येऊन उपयोग नाही.

आणि लस? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी, ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेली आर-२१ ही लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य केली. त्याआधी २०२१ मध्ये आरटीएस-एस ही लस मान्य झाली होती. लस पुण्यात बनते म्हटल्यावर ‘आम्हालाही द्या’ असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. पण या लशी हिवतापाच्या भागात कायम राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत. त्यांचे तीन आणि पुढे एक असे डोस महिन्यांच्या अंतराने द्यावे लागतात. आठ दिवसांच्या प्रवाशासाठी त्यांचा उपयोग नाही.

एवढी काळजी घेऊनही एखादा डास चावतोच, आणि खरी कसोटी मूल घरी परतल्यावर लागते. इथे कॅलेंडर समजून घेणे औषधाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. दुधनीहून वाडीला जाऊन गाडी बदलली की सिकंदराबाद येते. तिथेच २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या आवरणावर हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. या शोधाच्या वाटेवरच्या कामासाठी त्यांना १९०२ चे नोबेल मिळाले. परजीवीला डासाच्या पोटात वाढायला दिवस लागतात, हे तेव्हा कळले. माणसाच्या शरीरातही तो लगेच रक्तात येत नाही. आधी यकृतात जाऊन बसतो, तिथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. यकृतात असताना मुलाला काहीही होत नाही, ते खेळते, शाळेत जाते, डबा संपवते. चावल्यापासून तापापर्यंत फाल्सिपेरमला साधारण एक ते दोन आठवडे आणि व्हायवॅक्सला दोन-अडीच आठवडे लागतात. म्हणजे समजा, एक मूल ५ सप्टेंबरला मुंबईला गेले आणि १५ तारखेला परतले, तर त्याचा ताप बहुधा मुंबईत दिसणारच नाही. तो २० तारखेला, २८ तारखेला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुधनीत दिसेल, तोही प्रवासाचा विषय घरात संपल्यावर. उलट, मुंबईत उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी आलेला ताप मुंबईच्या हिवतापाचा नसतो, त्याचे कारण वेगळे शोधावे लागते.

व्हायवॅक्सची आणखी एक खोड आहे. त्याची काही बीजे यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी जागी होतात. गणपतीतला डास संक्रांतीला किंवा पुढच्या पावसाळ्यात ताप आणू शकतो. म्हणून परतल्यानंतरचा पहिला महिना सर्वांत सावधतेचा असला, तरी वर्षभरात कधीही ताप आला तर ‘मुलगा मागच्या पावसाळ्यात मुंबईत होता’ हे सांगायला हवे.

मुलांचा हिवताप पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. थंडी वाजून हुडहुडी, मग ताप, मग घाम, तोही दिवसाआड, हे चित्र मोठ्या माणसांत बघायला मिळते. लहान मूल नुसते चिडचिडे होते, खात नाही, उलट्या करते, पोट दुखते म्हणते, जुलाब होतात, खोकतेसुद्धा. ‘पोट बिघडलंय’ म्हणून दोन दिवस जातात. मधेमधे तापाच्या औषधाने अंग गार होते आणि सगळ्यांना हायसे वाटते. पॅरासिटामोल ताप उतरवते, परजीवीला हात लावत नाही. ताप असला तर ते जरूर द्यावे, पण त्यावर थांबून वाट बघू नये. हिवतापाच्या भागातून आलेल्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि मूल पेंगुळले आहे, हाक मारल्यावर नीट बघत नाही, पाणीही पोटात ठरत नाही, फिट आली, श्वास जोरात चालला आहे, एकदम फिके पडले आहे किंवा लघवी काळपट होते आहे, यातले एक जरी दिसले तरी तपासणीच्या रांगेत थांबू नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे याच क्रमांकावर मिळते.

हिवतापाची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणे ही अजूनही सर्वांत विश्वासाची पद्धत आहे. पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी पट्टीची तपासणीही असते. पण पहिली तपासणी निर्दोष आली म्हणजे हिवताप नाही असे होत नाही. रक्तात परजीवी कमी असले किंवा आधी कुठली अर्धवट गोळी दिलेली असली तर ते निसटतात. ताप चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा रक्त तपासावे लागते. ‘एकदा केली ना’ म्हणून पालकांनी नकार देऊ नये आणि दवाखान्यानेही कंटाळा करू नये.

निदान झाले की उपचार सोपे आहेत, पूर्ण करणे अवघड. व्हायवॅक्ससाठी तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन दिले जाते. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो, मूल अंगणात पळत असते, आणि पाचव्या दिवशी गोळ्यांची पट्टी कपाटात जाते. यकृतात झोपलेली बीजे मात्र प्रायमाक्विनच्या पूर्ण चौदा दिवसांशिवाय जात नाहीत. मग दोन-तीन महिन्यांनी ताप परत येतो आणि ‘औषध लागू पडलं नाही’ अशी तक्रार होते. प्रायमाक्विन एक वर्षाखालच्या बाळाला देत नाहीत, आणि जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत ते तांबड्या पेशी फोडू शकते. गोळी चालू असताना लघवी लाल-काळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचे. फाल्सिपेरमचे औषध वेगळे आहे, त्यामुळे ‘मलेरिया आहे’ एवढे कळून भागत नाही, कोणत्या जातीचा हे अहवालावर लिहिलेले हवे.

हे सगळे सल्ले पाहुणा म्हणून जाणाऱ्या मुलासाठी लिहिणे सोपे आहे. दुधनी आणि आसपासच्या कोरडवाहू पट्ट्यातून शहरांतल्या बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले पाहुणी नसतात. ज्या स्लॅबवर पाणी भरलेले असते त्याच्या खालीच, पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या झोपडीत ती झोपतात. त्यांच्या आईला ‘साचलेले पाणी काढून टाका’ हे सांगणे क्रूर थट्टा आहे, ते पाणी काढणे तिच्या हातात नाही. ती जबाबदारी विकासकाची आणि ठेकेदाराची आहे, आणि ती पार पडते की नाही हे बघणे महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे काम आहे. कामावर नव्याने येणाऱ्या कुटुंबाची, मुलांसकट, रक्ततपासणी झाली पाहिजे. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगारांना संच मिळतात. घरातल्या प्रत्येक मुलाला पुरेल अशी औषधी मच्छरदाणी ही त्या संचातली ठरलेली वस्तू असली पाहिजे, आणि नोंदणीची वाट न बघता ती झोपडीपर्यंत पोचली पाहिजे. अशी मुले दिवाळीला आणि गावच्या जत्रेला आजोळी येतात. हिवताप घेऊन आली तर दोष त्यांना दिला जातो. गावातल्या डासाने त्यांच्यापासून तो उचलला, तर दोन-चार घरांत पसरायला वेळ लागत नाही.

भारताने २०२७ पर्यंत देशांतर्गत संसर्ग शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून भारत बाहेर पडला, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण रुग्ण जसे कमी होतील तसे उरलेल्या रुग्णांत प्रवासातून आलेल्यांचा वाटा वाढेल, आणि ते दुधनीसारख्या, हिवताप विसरलेल्या गावांत उगवतील. अशा ठिकाणी प्रत्येक तापाच्या केसपेपरवर ‘गेल्या महिन्यात गावाबाहेर रात्री मुक्काम झाला का, कुठे?’ हा एक प्रश्न छापलेला असावा. तो मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत विचारला जावा. दोन ओळींच्या या बदलाला कोणतीही नवी योजना लागत नाही.

सीमेवरच्या गावांचा एक अडसर आहेच. मूल मुंबईत चावले जाते, ताप दुधनीत येतो, आणि उपचाराला कोणी सोलापूरला जाते, कोणी कलबुर्गीला. दोन राज्यांच्या नोंदवह्या वेगळ्या, त्यामुळे कलबुर्गीत निदान झालेल्या मुलाची खबर अक्कलकोटच्या आरोग्य कर्मचाऱ्याला वेळेत मिळेलच असे नाही, आणि त्याच्या घराभोवतालच्या इतर तापाच्या रुग्णांचे रक्त तपासायचे राहून जाते. दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ही माहिती एकमेकांना फोनवरून कळवायची पद्धत पाडली तरी पुष्कळ होईल. तोवर हा दुवा पालकांनीच जोडायचा आहे. रक्ताचा अहवाल, त्यावर लिहिलेली हिवतापाची जात आणि सुरू केलेल्या गोळ्यांची चिठ्ठी यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, गावात आल्यावर आशाताईंना दाखवावा आणि चौदा दिवसांतला कितवा दिवस चालू आहे हे त्यांनाही सांगून ठेवावे.